पर्निशस
'पर्निशस' हे इंग्रजी भाषेतील एक विशेषण आहे. हळूहळू, बहुधा नकळत आणि शेवटी नाशापर्यंत नेणारी हानी करणाऱ्या गोष्टीला ते लावले जाते. कुऱ्हाडीचा घाव पर्निशस नव्हे. वाळवी मात्र पर्निशस होय.

व्युत्पत्ती
लॅटिनमधील 'पर्निकिएस' (सर्वनाश) या नामावरून हे विशेषण आले. त्यात 'पर' हा पूर्णत्वदर्शक उपसर्ग आणि 'नेक्स' (हिंसक मृत्यू) हा शब्द आहे. 'नेक्स' व संस्कृतातील 'नश्' धातू एकाच इंडो-युरोपीय मुळातून निघाले असल्याने मराठीतील 'नाश', 'नष्ट' हे शब्द पर्निशसचे दूरचे आप्त ठरतात. 'इनोसंट' (निरपराध) हाही त्याच कुळातला, हे वाचून अनेकांना नवल वाटेल.

अर्थ व वापर
रूढी, शिकवण, अफवा, व्यसन, प्रभाव अशा नामांपूर्वी हे विशेषण विशेष आढळते. 'हार्मफुल' कोणत्याही लहानमोठ्या हानीला चालते. 'इन्सिडियस'मध्ये भर हानीच्या छुप्या प्रवेशावर असतो, तर पर्निशसमध्ये तिच्या परिणामावर. मराठीत विद्यार्थी सहसा 'घातक' हा प्रतिशब्द लिहितात. पण त्यातून मंद गती सूचित होत नाही. 'समाजविघातक' या शब्दातील 'विघातक' त्यापेक्षा बरा, तरी पुरता नव्हे.

वैद्यकातील वापर
आंटोन बीर्मर यांनी 1872 मध्ये एका रक्तक्षयाला हे विशेषण दिले. रुग्ण महिनोन्महिने खंगत जाई आणि बहुधा दगावे, म्हणून ते यथार्थच होते. 1926 मध्ये मायनट व मर्फी यांनी यकृतयुक्त आहाराने रुग्ण सुधारतात हे दाखवले. 1948 मध्ये ब12 जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले. आज हा आजार उपचारांनी आटोक्यात राहतो, नाव मात्र जुनेच आहे.

या नावाने एक घोटाळाही झाला. मुंबईतील गरीब गर्भवतींमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयालाही 'गर्भावस्थेतील पर्निशस रक्तक्षय' म्हणत. ल्युसी विल्स यांनी 1928 पासून मुंबईत त्याचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांच्या निकृष्ट आहारात ज्या घटकाची उणीव होती, तो पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.