क्लचच्या अस्तराची कुळकथा

नारायणगावच्या मार्केटातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेला पिकअप अवसरी घाटात वाहतुकीत अडकतो. चालक गाडी हाफ क्लचवर तोलून धरतो आणि थोड्या वेळात केबिनमध्ये जळकट वास शिरतो. ‘प्लेट गेली’ हे मग कुणी सांगावं लागत नाही.

गॅरेजात मेकॅनिक लगेच काही खोलत नाही. सपाट जागेवर हँडब्रेक ओढतो, वरचा गिअर टाकतो, क्लच सावकाश सोडतो. इंजिन धक्का खाऊन बंद पडलं तर प्लेट शाबूत. तसंच घुमत राहिलं तर ती घसरतेय. मला ही परीक्षा फार आवडते, कारण क्लच प्लेटवरच्या अस्तराकडून काय हवं ते सगळं तिच्यात आलं. आधी हळूच सरकायचं, मग घट्ट धरायचं, आणि दोन्ही करताना जळायचं नाही.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चामड्याकडे होतं. फ्लायव्हीलच्या खोलगट तोंडात शंकूसारखा भाग शिरायचा आणि त्यावर चामड्याची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असायची. चामडं वाळलं की क्लच एकदम पकडायचा, गाडी उडी मारायची. मग त्याला एरंडेल पाजायचं. तेल जास्त झालं की घसरायचा. मग मुलतानी माती टाकायची. विहिरीवरच्या मोटेचं चामडं ज्यांनी तेल देऊन मऊ राखलं, त्या आपल्या शेतकऱ्यांना हा व्याप सांगावा लागला नसता.

चामड्याला पर्याय देण्यात इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या हर्बर्ट फ्रूड यांचा मोठा वाटा; त्यांची सुरुवात मात्र ब्रेकपासून झाली. त्या डोंगराळ भागात उतारावर गाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावायचे. ते पाहून फ्रूड यांनी 1897 च्या सुमारास पाणचक्कीवर चालणारं यंत्र उभं केलं. फिरत्या चाकावर निरनिराळी कापडं नि पट्टे दाबून कोण किती धरतं, किती झिजतं ते बघायचं, असा उद्योग. डिंकासारख्या पदार्थांत मुरवलेलं सुती विणकाम चांगलं धरायचं, पण तापलं की करपायचं. 1908 मध्ये त्यांनी ॲस्बेस्टॉसचे धागे विणले. ती पट्टी उष्णतेला टिकली. आपल्या नावाची अक्षरं फिरवून, पत्नी एलिझाबेथचा ‘ई’ त्यात घालून त्यांनी मालाला ‘फेरोडो’ नाव दिलं. पुढे मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना उभा राहिला.

उष्णतेला न हरणाऱ्या त्या धाग्यांनी माणसांची फुप्फुसं मात्र पोखरली. आज पुष्कळशा प्लेटींत काचेचे किंवा अरामिडचे तंतू राळेत बांधलेले असतात. तरी जुनी गाडी खोलली की आतली काळी भुकटी कशाची, हे डोळ्यांना कळत नाही. गॅरेजातल्या पोराच्या हातात तेव्हा हवेचा पाइप देऊ नका, ओलं फडकं द्या.