बर्फाचं शेत

थंडी पडली की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थंडीचे विनोद सुरू होतात, आणि अलीकडे विनोदांच्या पाठोपाठ इतिहासही येतो. या वेळी आलेला मेसेज असा : मुघल बादशहा प्रजेच्या पैशावर डोंगरातून बर्फ मागवून सरबतं पीत होते. अर्ध्या तासात दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं : या देशाला थंड पाणी कुणी पाजलं, ते आधी आठवा. वर्गातली दोन मुलं एकाच धड्यावरून भांडतात आणि दोघांनीही धडा अर्धाच वाचलेला असतो, तसं मला झालं. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथं लिहिलेलं कुणी वाचत नाही. म्हणून इथं लिहितो.

धडा आहे अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तला, आबदारखान्याचा. आबदार म्हणजे पाण्याची व्यवस्था पाहणारा. आपल्या मराठीत तोच शब्द मोत्याला लागतो आणि 'आब राखणे' मध्येही तोच 'आब', म्हणजे पाणी, आहे. अबुल फजल आधी सोऱ्याची कृती देतो. जो सोरा बंदुकीच्या दारूत आग ओकतो, त्यानंच पाणी गार करायचं. जस्त-कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत शेरभर पाणी भरून तोंड बंद करायचं, मोठ्या भांड्यात अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी घ्यायचं आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायचं. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, सुरईतलं पाणी थंड होतं. आठवीच्या मुलांना हा प्रयोग सांगितला की त्यांना तो जादूचा वाटतो.

खरा बर्फ येतो तो १५८६ पासून, बादशहाचा मुक्काम पंजाबात हलल्यावर. लाहोरहून सुमारे पंचेचाळीस कोस दूर असलेल्या उत्तरेच्या डोंगरातून तो आणला जाई. कधी नावेनं, कधी गाड्यांवर, कधी माणसांच्या डोक्यावर. दहा नावा, प्रत्येक नावेवर चार नावाडी. अबुल फजल हिशेबाचा पक्का माणूस. तो पुढे जे आकडे देतो, ते दोन्ही मेसेजवाल्यांनी वाचायला हवे होते. डोंगरातले लोक पंचवीस ते तीस शेरांचा ढीग पाच दामांना विकत. लाहोरला तोच बर्फ रुपयाला दोन ते तीन शेर. रुपयाचे दाम चाळीस. गुणाकार तुम्हीच करून पाहा. वाटेत वितळलेला बर्फ वजा धरला, नावाड्यांची मजुरी धरली, तरी डोंगरातल्या माणसाच्या हातात पडलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा खाली फिरत होता. व्यापाऱ्यांना यात चांगला नफा होतो, असं अबुल फजल स्वतःच लिहितो. त्याच ग्रंथात पाणी वाहणाऱ्या मजुराचा रोज दोन-तीन दाम दिला आहे. म्हणजे लाहोरात दोन-तीन शेर बर्फासाठी त्या पाणक्यानं दोन-तीन आठवडे पाणी वाहायचं.

तेव्हा थंड पाणी 'देशाला' पाजलं हे काही खरं नाही. आणि उधळपट्टी म्हणाल तर ती बादशहाच्या धर्माची नव्हती, बादशाहीची होती. ज्याच्या हाती सत्ता, त्याला उन्हाळ्यात गारवा हवाच असतो. पुढे इंग्रजांनाही हवा होता, आणि त्यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कारण इथं बर्फ डोंगरातून आला नाही. तो सपाट मैदानात पिकवला गेला.

१७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सर रॉबर्ट बार्कर यांचा एक लेख छापून आला. हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी, अलाहाबादेत राहिलेला. गंगेच्या मैदानात बर्फ कसा तयार करतात ते त्यानं लिहिलं. उघड्या मैदानावर सुमारे तीस फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाला उसाच्या पाचटाचा किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा आठ इंच ते फूटभर थर अंथरायचा. त्यावर मातीच्या, बिनझिलईच्या, सव्वा इंच खोलीच्या उथळ थाळ्या ओळीनं मांडायच्या. पाणी आधी उकळून निववलेलं. दिवेलागणीला थाळ्या भरायच्या, आणि सूर्य उगवायच्या आत वर आलेली बर्फाची चकती काढून टोपल्यांत गोळा करायची. तो बर्फ उंच, कोरड्या जागी खणलेल्या चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात ठोकून बसवायचा. खड्ड्याला आतून गवताचं आणि घोंगड्यांचं अस्तर. हाच बर्फ पुढे उन्हाळ्यात निघायचा.

गंमत अशी की त्या भागात तळी गोठत नाहीत, हौद गोठत नाहीत. हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही थाळ्यांत बर्फ धरायचा.

माझा एक मावसभाऊ कॅनडात असतो. दर हिवाळ्यात तो घरामागच्या अंगणात मुलांना घसरायला बर्फाचं मैदान करतो आणि त्याचे व्हिडिओ पाठवतो. आम्ही पुंडलिकनगरात आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणारे लोक. अंगणात मुद्दाम पाणी ओतून सोडणारा माणूस आमच्या घरात कौतुकापेक्षा संतापाचा विषय झाला. पण त्याची रीत मी नीट विचारून घेतली. चारी बाजूंनी फळ्या लावायच्या, खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि रोज रात्री नळीनं पातळ थर द्यायचा. एकदम जास्त पाणी सोडलं तर वरची साय गोठते, खाली पाणी तसंच राहतं आणि पाय पडला की कवच फुटतं. हिम पडलं तर ते आधी खरवडून काढायचं, कारण ते गोधडीसारखं काम करतं आणि खालच्या बर्फाला जाड होऊ देत नाही. सगळं काम रात्री. 'थंडी बजरी, लेकिन करना पडता,' असं तो म्हणाला. ('थंडी वाजते' याचं आमच्या दखनीनं केलेलं हे रूप. लखनौवाले हसतात, आम्हाला त्याचं काही नाही.)

पातळ थर, उघडं आभाळ, रात्रीची जागरणं : कॅनडात आणि अलाहाबादेत रीत एकच. फरक एवढाच की त्याच्याकडे थंडी फुकटची, उणे पंधराची. अलाहाबादेत ती आभाळाकडून मिळवावी लागे. रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर, आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात. निरभ्र रात्री ती जाते ती जातेच. वारा असला तर भोवतालची उबदार हवा येऊन थाळीतल्या पाण्याला पुन्हा ऊब देते. वारा पडलेला असला तर पाणी हवेपेक्षाही थंड होत जातं. राहिली खालच्या जमिनीची ऊब. तिला अडवायला पाचटाचा थर.

बर्फ बाष्पीभवनामुळे, मातीची थाळी पाझरते म्हणून होतो, असं तेव्हाच्या विद्वानांचं मत होतं. आपला माठ गार होतो तसा. ऐकायला पटणारं आहे. १८१४ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावर एक निबंध लिहिला आणि त्यात हे मत खोडून काढलं. त्यांचा मुद्दा साधा होता : बाष्पीभवन कारण असेल तर वाऱ्याच्या रात्री बर्फ जास्त व्हायला हवा. होतो कमी. आणि पाचट ओलं झालं तर मजूर ते बदलून कोरडं घालतात. बाष्पीभवनाला ओल हवी असते. मग ओलीला एवढं का जपायचं? उत्तर मजुरांच्या हातात होतं. वेल्स यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता, इथून आलेले वृत्तांत त्यांनी वाचले होते. विज्ञानाच्या इतिहासात हा निबंध मानाचा आहे, आणि असायलाच हवा. पण ओलं पाचट कुणी, कोणत्या रात्री, कोणत्या अनुभवावरून पहिल्यांदा बदललं, त्या माणसाचं नाव कुठल्याच निबंधात नाही. बार्कर यांनी थाळीची जाडीसुद्धा मोजली, पाव इंच. थाळी भरणाऱ्याचं नाव विचारलं नाही.

पुढे अलाहाबादेत राहिलेल्या फॅनी पार्क्स या बाईंनी आपल्या प्रवासग्रंथात (१८५०) या बर्फाच्या शेतांविषयी सविस्तर लिहिलं आहे. तिथं निदान मजूर दिसतात : पुरुष, बायका, मुलं. बर्फ धरण्याजोगी रात्र म्हणजे सगळ्यात कडाक्याची रात्र. अंगावर जे असेल ते गुंडाळून पहाटेच्या अंधारात उघड्या मैदानात यायचं, गार पाण्यात आणि बर्फात बोटं घालायची, आणि उजाडायच्या आत शेत रिकामं करायचं. तो बर्फ उन्हाळ्यात कुणाच्या पेल्यात जाणार, हे त्यांना ठाऊक असणार.

आपल्याकडे अशी शेतं का नव्हती, असा प्रश्न मुलं विचारतात. आमच्या शहरात पारा सात-आठवर आला की बातमी होते. नोंदलेलं सर्वांत कमी तापमानही शून्याच्या थोडंसं वरच आहे. दख्खननं गारव्याचा दुसरा मार्ग धरला, वाहत्या पाण्याचा आणि मातीचा. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. पाणचक्कीला गेलात तर हौदाखालच्या दालनात मे महिन्यात जाऊन बसा. डोक्यावर पाण्याचं छत आहे. घरोघरी रांजण, माठ, सुरई. त्यासाठी कुणाला पहाटे मैदानात थरथरावं लागलं नाही. अर्थात नहर खणणाऱ्यांची नावंही आपल्यापाशी नाहीत, हे आलंच.

पण तीच निरभ्र, पडल्या वाऱ्याची रात्र महाराष्ट्रातही येते आणि इथं ती शत्रू असते. निफाडला पारा एक-दोन अंशांवर उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदार रात्रभर जागतात, बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात. अलाहाबादचा मजूर ज्या उघड्या आभाळाची वाट पाहायचा, त्यावर निफाडचा शेतकरी धुराची गोधडी घालतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की पर्यटक फोटो काढतात, आणि शेजारचा स्ट्रॉबेरीवाला कपाळाला हात लावतो.

बर्फाच्या थाळ्या मागे पडल्या त्या अमेरिकेमुळे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जगभर विकायला सुरुवात केली होती. १२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याकडे निघालं. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. सरकारनं जकात माफ केली आणि माल रात्री उतरवायची परवानगी दिली. म्हणजे पुन्हा रात्रीच, पुन्हा हमालांच्याच पाठीवर. पुढल्या वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'नं दिली. मुंबईत वर्गणीतून बर्फघर उभं राहिलं. आता त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. 'बर्फ' हा शब्द ज्या भाषेतून आपल्याकडे आला, त्या फारसीची हस्तलिखितं आज तिथं जपून ठेवली आहेत. हा योगायोग मला फार आवडतो. मग यंत्रं आली. १८७० च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्यात बर्फाचे कारखाने निघाले, आणि थोड्याच वर्षांत जहाजंही थांबली.

ट्यूडर यांचा बर्फ चार महिने टिकला तो लाकडाच्या भुशामुळे. भुसा जहाजातून आला आणि आपल्या बाजारात राहिला. रमजानात असरनंतर शहागंजात जा, हातगाडीवर गोणपाटाखाली, भुशात लोळवलेली बर्फाची लादी दिसेल. टोच्यानं फोडून, भुसा धुऊन, इफ्तारच्या सरबतापुरता तुकडा पिशवीत मिळतो. घरोघर फ्रिज असूनही रांग लागते. मी ज्याच्याकडून घेतो तो पोरगा विशीतला आहे. लादी आणायला कारखान्यावर केव्हा जातोस, असं मी त्याला विचारलं होतं. सेहरीच्या आधी, म्हणाला. तेव्हा ऊन नसतं, बर्फ कमी जातो. त्यालाही रोजा असतो.