मुक्काम, तंबू आणि तळे : महाड–पोलादपूरच्या वाटेचा इतिहास

महाड हे मुळात मुक्कामाचे गाव आहे, आणि तसे ते व्हावे ही त्याच्या भूगोलाचीच योजना होती. बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीत शिरलेल्या गलबतांना भरतीच्या आधाराने जिथवर येता येई त्या टोकाशी हे गाव वसले. मोठी जहाजे अलीकडे दासगावच्या बंदरातच थांबत, आणि पूर्वेला वरंधा घाटाने भोरकडे, पार घाटाने जावळी-वाईकडे, दक्षिणेला कशेडीने खेडकडे जाणाऱ्या वाटा येथूनच फुटत. होडीतला माल बैलाच्या पाठीवर आणि घाटावरून आलेला माल होडीत चढवायचा, तर त्यात एक रात्र जाणे अटळ होते. अलीकडे मोटारीच्या टपावर घडीचा तंबू बसवून मुंबई-गोवा महामार्गाने निघणारी जोडपी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे वळण्यापूर्वी याच टापूत रात्र काढतात, आणि आपण नव्या प्रकारचा प्रवास करीत आहोत अशी त्यांची समजूत असते. तंबू नवा आहे हे खरे; परंतु या वाटेचा इतिहास पाहिला तर डोक्यावरचे छप्पर ही प्रवाशाची मोठी अडचण येथे फारशी कधीच नव्हती. अडचण होती ती पाण्याची, आणि थांबण्याची मुभा कोण देतो याची.

याचा सर्वांत जुना पुरावा महाडच्या उशाशी, गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत आहे. तेथील ब्राह्मी लेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानाची नोंद असून त्यात चैत्यगृह, भिक्षूंच्या निवासाच्या आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी, आणि लेण्याला जोडणारी वाट एवढ्या गोष्टी एकत्र मोजल्या आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील दात्याला खोली, पाणी आणि वाट ही एकाच दानाची अंगे वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पावसाळ्यातील तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे, या नियमाला वर्षावास म्हणतात. कोकणातील पावसात हा नियम धर्माइतकाच व्यवहाराचाही होता.

मध्ययुगीन व्यापाराबद्दल थोडक्यात सांगता येईल. लमाण आणि वंजारी यांचे तांडे, म्हणजे लादलेल्या बैलांचे काफिले, कोकणातले मीठ वर आणि देशावरचे धान्य खाली नेत. मुक्कामाच्या जागी गोण्यांची थप्पी रचून तिच्या आडोशाला पाल, म्हणजे काठ्यांवर ताणलेले जाड कापड, उभारीत. या पालाच्या दुसऱ्या टोकाला राजेशाही शामियाना होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीसाठी शिवाजी महाराजांनी उभारविलेला शामियाना मराठी वाचकाला शाळेपासून माहीत आहे. पण खानाचे सैन्य कोयनेच्या खोऱ्यात पार गावाजवळ उतरले होते, म्हणजे पाणी आणि घाटवाट पाहून सैन्याची छावणी पडली होती, ही बाब बखरीतल्या पराक्रमापुढे मागे पडते.

ब्रिटिश अमदानीत तंबू हे कारभाराचेच साधन झाले. कलेक्टर आणि त्याचे दुय्यम अधिकारी पावसाळा संपताच जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत, आणि पुष्कळदा राहुट्यांचे दोन संच बाळगीत: एका संचात साहेब काम पाहत असताना दुसरा पुढच्या गावी जाऊन उभा राही. या सोयीमागचे श्रम मात्र गावाचे होते. सरपण आणि चारा आणणे, वाट दाखविणे, सामान पुढच्या शिवेपर्यंत पोचविणे ही कामे वतनदार महारांकडून घेतली जात. वतन म्हणजे गावच्या सेवेच्या मोबदल्यात मिळालेली जमीन व हक्क, आणि तिच्या बदल्यात सरकारी नोकरही वेळी-अवेळी हुकूम सोडीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. ज्यांच्या हातांनी तंबूच्या खुंट्या ठोकल्या जात, त्यांना त्याच गावच्या पाणवठ्यावर ओंजळ भरता येत नसे, आणि दौऱ्याच्या कागदपत्रांत याची दखल घेण्याचे कारण कोणालाही पडत नसे.

महाडला हा प्रश्न रोजच्या बाजाराचा होता. भोवतालच्या खेड्यांतून मालाच्या खरेदी-विक्रीसाठी येणाऱ्या अस्पृश्य स्त्री-पुरुषांना दिवसभरात पाणी मिळण्याची सोय नव्हती. चवदार तळे गावाच्या मध्यात होते, मुसलमान आणि इतरधर्मीयही त्याचे पाणी घेत. महार, चांभार मात्र नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. त्यातील शब्दयोजना या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे आणि विहिरी यांच्या जोडीला धर्मशाळाही, म्हणजे वाटसरूंच्या फुकट मुक्कामाच्या इमारती, त्यात घातल्या होत्या. पाणी आणि मुक्काम यांचा संबंध ठराव लिहिणाऱ्यांना नेमका कळला होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, आणि तो कागदावर राहिला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद ही रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आदींच्या परिश्रमाचे फळ होते. काही हजार प्रतिनिधी दूरच्या गावांहून पायी आले, आणि त्यांच्यासाठी पाणी आणावयाचे तर गावात ते घेण्याची मुभा नसल्यामुळे ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. हा आकडा इतिहासग्रंथांत तपशिलाच्या ओळीत येतो आणि वाचक पुढे जातो; वस्तुतः तळे असलेल्या गावात भरलेल्या परिषदेला पाण्यासाठी पैसे मोजावे लागणे हेच दुसऱ्या दिवशीच्या कृतीचे पुरेसे कारण होते. २० मार्चला प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व बाबासाहेबांसह तेथील पाणी प्याले. वीरेश्वराच्या मंदिरातही हे लोक शिरणार अशी अफवा त्यानंतर उठली आणि मंडपात जेवणाऱ्या, गावाकडे परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते; वाटेवर सापडलेल्यांपैकी काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. हल्ला मुख्यतः झाला तो मुक्कामावर आणि परतीच्या वाटेवर, ही गोष्ट तळ्याच्या प्रसंगाइतकी ठळकपणे सांगितली जात नाही.

डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेची तयारी म्हणूनच छावणीच्या तयारीसारखी झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता, गावातील व्यापाऱ्यांनी माल न देण्याचे ठरविले होते, आणि मंडपासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. शिधा बाहेरून आणून साठविण्यात आला व त्याची व्यवस्था चित्र्यांकडे सोपविण्यात आली. बाबासाहेबांच्या प्रवासाचा मार्गही मुद्दाम निवडलेला होता. नेहमीची वाट म्हणजे धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारीने; परंतु मोटारमालक आयत्या वेळी नकार देतील या शंकेने २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ या आगबोटीने सारी मंडळी निघाली, २५ तारखेच्या दुपारी दासगावला उतरली, आणि तेथून सुमारे ५ मैल चालत महाडला पोचली. वाहन आहे, रस्ता आहे, भाड्याचे पैसे आहेत, आणि तरीही पायी जाणे शहाणपणाचे ठरते, अशी ही स्थिती होती. त्या रात्री मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मनाईहुकूम असल्याने तळ्याचे पाणी घेण्याचा बेत तहकूब झाला. खटला जवळजवळ १० वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही.

दरम्यान १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, सुमारे ३० जण, वेरूळची लेणी पाहण्यासाठी सहलीला निघाले. या सहलीचा वृत्तान्त त्यांनी पुढे लिहून ठेवला. वाटेत अडथळे येऊ नयेत म्हणून त्यांनी आपली ओळख उघड न करता प्रवास करण्याचे ठरविले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेले हातपाय धुण्यासाठी काहींनी हौदाचे पाणी घेतले, आणि हौद बाटविल्याची ओरड करीत जमाव धावून आला. निव्वळ हौसेच्या प्रवासाची ही नोंद आहे, आणि तीत पाण्याचा हौद आडवा आला हे योगायोगाने घडलेले नाही.

टपावरच्या तंबूचा जन्म या साऱ्यापासून दूर झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत असे तंबू बाजारात आले. पुढे पूर्व जर्मनीत ट्राबंटसारख्या चिमुकल्या मोटारीच्या टपावरही ते दिसू लागले, आणि आफ्रिका व ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशांत जमिनीवरील चिखल व जनावरे यांपासून दूर झोपण्याची सोय म्हणून ते रुजले. रचना साधी आहे: टपावरील आडव्या दांड्यांना घडीचे तळपट बोल्टांनी घट्ट बसवितात, ते उघडले की कापडी खोली आपोआप ताणली जाते आणि शिडी खाली टेकते. तंबूचे वजन बहुधा ५० ते ८० किलोच्या आसपास असते. उभ्या गाडीचे टप दोन माणसांचे वजन सहज पेलते, पण चालत्या गाडीच्या टपाची मर्यादा त्याहून बरीच कमी असते, आणि उंचावरील ओझ्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकून आंबेनळीच्या वळणांवर गाडी अधिक कलते. जाहिरातींत हा भाग सहसा बारीक अक्षरांत छापलेला असतो.

या प्रदेशात असा प्रवास शोभतो तो आगबोटींच्याच हंगामात, म्हणजे पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले असताना तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही तसेच झाले. डोंगराच्या कुशीतील हिरवी सपाटी रात्रीच्या मुक्कामाला कितीही मोहक वाटली, तरी ती सपाटी कशी तयार झाली याची चौकशी आधी करावी लागते, आणि तिचे उत्तर गावातील म्हाताऱ्या माणसांकडेच मिळते.

छप्पर बरोबर नेणाऱ्या जोडप्यालाही गावाकडे जावे लागते ते याचसाठी: जागा विचारायला, वीसेक लिटरचा डबा भरायला, शौचालय कोठे आहे हे कळायला. महामार्गावर पेट्रोल पंप किंवा धाब्याचे आवार मिळते आणि तेथे गिऱ्हाईक एवढीच ओळख पुरते. रस्ता सोडून आत वळले की देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणासाठी सरपंचाला, पोलीस पाटलाला विचारावे लागते, आणि कोठून आलात यापाठोपाठ आडनाव विचारले जाते. बहुतेक वेळा तो प्रश्न केवळ आदरातिथ्याची सुरुवात असतो. कोणाला तो सहज वाटतो आणि कोणाला नाही, हे मात्र विचारणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून ज्यांच्या वापरास कोणालाही मज्जाव करता येणार नाही अशा सार्वजनिक गोष्टींची यादी आहे, आणि तीत विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते एकाच ओळीत आले आहेत.