डीऑक्सिरायबोन्यूक्लिएज-१

डीएनएचे तुकडे करणारे विकर, संक्षेपाने डीएनएज-१. प्रयोगशाळेत बहुधा गोवंशाच्या स्वादुपिंडातून मिळवलेले वापरतात. रेणुभार सुमारे ३१,००० डाल्टन.

कार्य : डीएनएच्या कण्यातील फॉस्फोडायएस्टर बंध हे विकर पाण्याच्या साहाय्याने तोडते. काप साखळीच्या टोकाशी नव्हे, मध्येच बसतो. तुकड्याच्या ५' टोकाला फॉस्फेट आणि ३' टोकाला हायड्रॉक्सिल गट उरतो. विकराला कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन लागतात. मॅग्नेशियम असताना दोन्ही साखळ्यांवर वेगवेगळ्या ठिकाणी काप पडतात. त्याऐवजी मँगॅनीज घातल्यास दोन्ही साखळ्या जवळजवळ समोरासमोर तुटतात. हे विकर कोणत्याही क्रमावर चालते असे म्हणतात, ते ढोबळ मानानेच खरे. ते दुहेरी सर्पिलाच्या अरुंद खाचेत बसते आणि खाचेच्या रुंदीनुसार काही जागी अधिक, काही जागी कमी कापते.

इतिहास : न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅकलिऑड व मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ साली न्यूमोकोकस जिवाणूचा प्रकार बदलणारे द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा मांडला. त्याच संस्थेतील आल्फ्रेड मिर्स्की यांनी आक्षेप घेतला, की नमुन्यात थोडे प्रथिन उरले असल्यास श्रेय त्याचेही असू शकते. मॅकार्टी यांनी स्वादुपिंडातून डीएनएज शुद्ध केले आणि १९४६ साली एव्हरींसह निष्कर्ष प्रसिद्ध केला : या विकराच्या अत्यल्प मात्रेनेही रूपांतराची क्षमता नाहीशी होते. ट्रिप्सिनसारखी प्रथिनभंजक विकरे मात्र तिला धक्का लावत नव्हती. एखादा पदार्थ नेमका नष्ट करून त्याचे काम ओळखण्याची ही रीत जीवरसायनशास्त्राला फार मोलाची ठरली. सर्वांचे समाधान मात्र लगेच झाले नाही. मोझेस कुनिट्झ यांनी १९४८ मध्ये विकराचे स्फटिक मिळवले; क्रियाशीलतेचे एकक आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

प्रयोगशाळेतील उपयोग : आरएनएच्या नमुन्यातील डीएनए काढून टाकणे हा नित्याचा उपयोग. डीएनए राहिल्यास उलट-प्रतिलेखन पीसीआरमध्ये आरएनए नसतानाही संकेत मिळतो. खरी कसोटी विकर थांबवताना लागते. मॅग्नेशियम असताना नमुना तापवला तर आरएनएच तुटू लागतो. म्हणून आधी ईडीटीए घालून धातूचे आयन बांधून टाकतात आणि मगच उष्णता देतात. विकरात आरएनए तोडणाऱ्या आरएनएजचा लवलेशही चालत नाही. नळी जोराने घुसळल्यास विकराची घडी बिघडते, त्यामुळे मिश्रण हलक्या हाताने करतात.

कमी मात्रेत हेच विकर शोधाचे साधन बनते. डेव्हिड गॅलास व आल्बर्ट श्मिट्झ यांच्या १९७८ च्या पद्धतीत डीएनएच्या एका टोकाला किरणोत्सारी खूण करून त्यावर अंशतः काप देतात. जेथे प्रथिन चिकटले आहे तेथे काप बसत नाही, आणि जेलवर तेवढी जागा रिकामी दिसते. हॅरॉल्ड वाइनट्रॉब व मार्क ग्राउडिन यांनी १९७६ साली कोंबडीच्या रक्तपेशींच्या केंद्रकांवर हे विकर वापरले. ग्लोबिनची जनुके लवकर कापली गेली. त्या पेशींत निष्क्रिय असलेले ओव्हाल्ब्युमिनचे जनुक तुलनेने सुरक्षित राहिले. क्रियाशील जनुकांभोवतीची बांधणी सैल असते, हे येथे थेट दिसले. डीएनएला खूण लावण्याच्या निक ट्रान्सलेशन पद्धतीतही पहिला काप हेच विकर देते.

निरोधक : ॲक्टिन (एकेरी रूपात).

वैद्यक : मानवी डीएनएज-१ पासून बनवलेले डॉर्नेज अल्फा सिस्टिक फायब्रोसिसमध्ये श्वासावाटे देतात, अमेरिकेत १९९३ पासून मान्य.

डीएनएज-२ : आम्लधर्मी, लायसोसोममध्ये आढळते, धातूचे आयन लागत नाहीत.