कोयत्यामागचे बालपण

महाराष्ट्रातील सहकारी साखर उद्योगाचा इतिहास बहुधा गाळप आणि उताऱ्याच्या आकड्यांतून सांगितला जातो. परंतु ज्या हंगामी स्थलांतरावर हा उद्योग उभा राहिला, त्याची किंमत गावी मागे राहिलेल्या मुलांनीही मोजली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पुढे कारखाने वाढत गेले, तसे बीड, पाथर्डी यांसारख्या अवर्षणग्रस्त भागांतून तोडणीसाठी मजूर येऊ लागले आणि १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट कायमची रुळली.

मुंबईच्या गिरणगावात कामासाठी कोकणातला बाप बहुधा एकटा जाई आणि आई गावी मुलांपाशी राही. ऊसतोडीत मात्र मुकादम जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून देतो, त्यामुळे आई आणि बाप दोघेही एकाच दिवशी घर सोडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास धान्याची पोती, भांडी आणि अंथरुणे गाडीत चढतात; जी मुले बरोबर जातात ती पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि जी राहतात ती आजी-आजोबांच्या हवाली होतात.

प्रवरानगरचे पहिले गाळप झाले त्याच सुमारास, १९५१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा मातृसंगोपन व मानसिक आरोग्य यांवरील अहवाल प्रसिद्ध केला. बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दुरावलेल्या लहान मुलांच्या वागण्यात तीन अवस्था नोंदवल्या: आक्रोश, हताशपणा आणि शेवटी अलिप्तता, म्हणजे आई परतल्यावरही तिच्याकडे पाठ फिरवणे. मूल रडायचे थांबले की ते रुळले, अशी मोठ्यांची समजूत होते. प्रत्यक्षात ते थांबणे दुःखाचेच दुसरे रूप असू शकते.

शासकीय आणि स्वयंसेवी प्रयत्नांचा रोख मुख्यतः शाळागळतीवर राहिला. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये अमलात आल्यानंतर मुलांना गावीच थांबवण्यासाठी हंगामी वसतिगृहांवर भर दिला गेला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. या व्यवस्थांनी पोटाची आणि पाटीची सोय केली, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. परंतु शाळेत टिकलेले मूल आतूनही सावरले आहे, असे हजेरीपट सांगू शकत नाही.

हंगामभर न बदलणारी एक सांभाळणारी व्यक्ती, आईबापांशी ठरल्या वेळी फोनवर बोलणे, मुलाचे गप्प राहणे ओळखणारा शिक्षक आणि थकलेल्या आजीला आधार, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. ऊसतोडीचा हंगाम दरवर्षी ठरल्या वेळी येतो. म्हणून मुलांच्या मनाची तजवीजही पहिली गाडी गाव सोडण्यापूर्वी झाली पाहिजे.