कलगी-तुरा आणि खानदेशच्या वाटा

‘आंतरसांस्कृतिक रंगभूमी’ ही संज्ञा पाश्चात्त्य नाट्यचर्चेत १९७० नंतर रूढ झाली. पीटर ब्रूक यांनी १९८५ साली महाभारत रंगमंचावर आणले, तेव्हा तिच्याविषयीचा वादही पेटला. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा त्यातील मूळ प्रश्न होय. खानदेशात हा प्रश्न दिग्दर्शकाच्या संकल्पातून नव्हे, तर वाटसरूंच्या रहदारीतून उद्भवला.

नरडाणा मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गही तेथूनच जातो. उत्तरेस माळवा, पश्चिमेस गुजरात आणि भोवती अहिराणी. ग्रियर्सनने १९०७ साली खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींसोबत बसविले. ते वर्गीकरण वादग्रस्त असले, तरी या प्रदेशाची वाणी एका चौकटीत मावत नाही, हे त्यातून दिसतेच.

कलगी-तुऱ्याचेही तसेच आहे. शाहीर, डफ, सवाल, जवाब, मुजरा, एवढेच नव्हे तर खुद्द ‘तमाशा’, हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले; गण आणि गौळण मात्र इथल्या मातीतले. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणार, कलगीवाले शक्तीला. पण या अस्सल देशी वादाच्या दोन्ही पक्षांची नावे पागोट्यावरील परकी आभूषणांची! माळवा-राजस्थानात हीच परंपरा ‘तुर्रा-कलगी’ म्हणून ख्यालनाट्यात शिरली. तेथील आख्यायिकेनुसार तुर्ऱ्याचा मूळपुरुष तुकनगीर हा गोसावी, तर कलगीचा शाह अली हा फकीर. चंदेरीच्या राजाने दोघांना ही भूषणे बहाल केली. आख्यायिकेला इतिहास मानता येत नाही. तथापि शक्तीची बाजू एका मुसलमान फकिराकडे सोपविताना लोकांना विसंगती वाटली नाही, हा पुरावा लहान नव्हे.

मात्र फडावरचा हा संगम गावात उतरला नाही. तमाशाचे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी. रात्री ज्याच्या जवाबाला दाद मिळे, त्यालाच दिवसा पाणवठा बंद असे. १९३० च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा उचलला आणि सवालाचा रोख बदलला. श्रेष्ठ शिव की शक्ती, हे विचारणे मागे पडले. पाणवठा कोणाचा, हे समोर बसलेल्या गावालाच विचारले जाऊ लागले.