चिनी नाडी आणि तब्रेझचा वजीर

ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे, ही हदीस आपल्या प्रत्येक शैक्षणिक जलशात ऐकू येते. मीही भाषणांत ती वापरली आहे. हदीसतज्ज्ञ तिची सनद कमजोर मानतात, हे मला फार उशिरा कळले. वाईट वाटले. पण पुढे रशीदुद्दीन फजलुल्लाह वाचनात आला.

हा हमदानचा. ज्यू वैद्यघराण्यात जन्मला, पुढे मुसलमान झाला आणि इराणच्या मंगोल इलखानांचा वजीर बनला. तब्रेझला त्याने 'रब-ए-रशीदी' वसवली. तिथली मशीद, दवाखाना, ग्रंथालय, सारे वक्फच्या उत्पन्नावर चाले. 1313च्या सुमारास त्याने चिनी वैद्यकाचे ग्रंथ फारसीत आणवले. तो 'तन्सूकनामा'. नाडीपरीक्षेवरच्या चिनी पद्यांचे नुसते भाषांतर करून तो थांबला नाही. त्यांचे मूळ उच्चारही फारसी लिपीत उतरवून घेतले. हस्तलिखित आज इस्तंबूलमध्ये आहे.

इब्न सीनाचा 'कानून' हाताशी होता. त्यात नाडीवर विस्ताराने लिहिलेले आहे. तरीही या वजिराला चिनी हकीम काय म्हणतो ते जाणून घ्यायचे होते.

1318मध्ये सुलतान उल्जायतूवर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून त्याला ठार मारले. रब-ए-रशीदी लुटली गेली.

आज चिगोंग किंवा ॲक्युपंक्चर म्हटले की कुणी चमत्कार म्हणतो, कुणी थोतांड. रशीदुद्दीनने आधी ग्रंथ मागवले, मग मत बनवले. आपल्या वक्फच्या पैशातून परक्या विद्येचे शेवटचे भाषांतर कधी झाले, हे कुणी सांगेल का?